टेलला बसलेली माणसं

आटपाडी
१२ जानेवारी २०२५

संयोगितावहिनी,

पाकिटावर मी मुद्दाम 'सौ.' लिहिलंय, दोनदा गिरवून. तुमच्या वडिलांना खटकलं तर खटकू दे. तुम्ही फोन उचलत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक करून टाकलंय, मग माणसानं करायचं काय? शेवटी पोस्टात जाऊन पाकीट मागितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "कशाचा अर्ज भरतियास गं?" मी पैसे ठेवून पाकीट उचललं.

परवा भाऊसो तात्यांचा निरोप आला. तुमच्या वडिलांना मी काही वाईट बोलणार नाही, पण बाबांना निरोप असा होता: "हंबीरराव, किती दिस पोरगीला टांगून ठिवायचं? पोराचं उरकून घ्या." उरकून घ्या! भटजींना विचारून ठेवलंय म्हणे त्यांनी. माणूस सापडला नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. आई चुलीपुढं बसली होती. तिनं भटजींनाच फोन लावायला सांगितला आणि विचारलं, "आन् पोरगं आलं माघारी तर?" भटजी म्हणाले, मग त्याचं बारशापासून सगळं पुन्हा करावं लागतं. आई म्हणाली, "करू की बारसं. पेढं वाटू गावभर." फोन ठेवला आणि भाकरी थापायला लागली.

वहिनी, दादाच्या बोटीवरून कळवलं ते एवढंच, की कालिकतच्या बाहेर पहाटे राजवर्धन डेकवरून पाण्यात गेला. त्याच्यामागं एक नारिंगी, तरंगणारी रिंग टाकली. शोध घेतला. तो सापडला नाही आणि रिंगही सापडली नाही. रिंग सापडली नाही हे तुम्ही सगळे ऐकून न ऐकल्यासारखं का करता? रिंग सापडली नाही म्हणजे ती कुणाच्या तरी हातात आहे. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात तुम्ही हिरव्या बांगड्या काढून ताटात ठेवल्यात, तेव्हा "वहिनी, तुम्हाला लय घाई झाली" असं मी बोलले, आणि अजूनही मागं घेत नाही.

आता खरी गोष्ट ऐका. या सत्रात आम्हाला भूगोलात 'सागरशास्त्राची ओळख' नावाचा पेपर आहे. आटपाडीत सागरशास्त्र! पहिल्या तासाला वर्ग खिदळत होता. यशराज उठून म्हणाला, "मॅडम, हितं आमाला अंघुळीला पानी मिळंना, आन् तुमी समुद्र शिकिवताय व्हय?" शरयू मॅडम वाईच्या, नदीच्या घाटावर वाढलेल्या. त्याही हसल्या. मी हसले नाही. मी उठून पहिल्या बाकावर जाऊन बसले.

पुस्तकात नकाशा आहे. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत पाणी खालून वर जातं. केरळकडून गोव्याकडं, तिथून रत्नागिरी, पुढं मुंबई. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. मी त्या बाणांवरून बोट फिरवत गेले आणि माझ्या अंगावर काटा आला. दादा पडला तो नोव्हेंबर अखेर होता, वहिनी. पाणी त्याला आपल्याकडंच आणतंय.

जेवताना बाबांना नकाशा दाखवला. आमचे बाबा म्हणजे जन्माचे पाटकरी. टेंभू योजनेचं पाणी आमच्या चारीच्या पाटाला आलं की दारं उघडायची, पाडायची, आणि पाळी संपली की एम-ऐंशीवरून चारीच्या काठानं ओरडत जायचं, "पानी बंद हाय रंऽऽ!" का, तर टेलचा, पाटाच्या शेवटच्या टोकाचा, माणूस पाण्याची वाट बघत फुकट बसू नये. शेवटच्या माणसाला निरोप पोचल्याशिवाय बाबा घरी जेवायला येत नाहीत, हे तुम्ही लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बघितलंय. ताट झाकून झाकून कंटाळला होतात.

आणि दादाच्या चपलेची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. नववीत असताना त्यानं रागानं एक चप्पल चारीच्या तोंडाला पाण्यात फेकली. बाबा ओरडले नाहीत, मारलं नाही, गाडी काढून टेलला जाऊन बसले. संध्याकाळी चप्पल घेऊन आले आणि दादापुढं टाकली. "पाटात पडलेलं टेलला येतंय. येळ लागंल, पन येतंय."

तर बाबांनी नकाशा हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मंजी ह्यो पाटच हाय म्हन की. हेड कुठं ह्येचं?" मी म्हटलं, कालिकत. "आन् टेल?" मी रत्नागिरीवर बोट ठेवलं. वहिनी, नोव्हेंबरपासून त्या माणसानं चतकोर भाकरीच्या वर खाल्लं नव्हतं. त्या रात्री मागून घेतली.

तात्यांना सांगा, पळसाला हात लावायचा नाही. तुम्ही स्वतः सांगा. तुमच्याशिवाय ते होणार नाही, आणि तुम्ही 'नाही' म्हणालात तर दादाला घरी यायला दार उघडं राहील.

तुमची नणंद (अजून आहे),
समीक्षा


आटपाडी
४ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर नाही. बरं. साधं कार्डसुद्धा नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे तुमच्या हातात पडलं असणार, असं मी धरून चालते.

बाबा निघाले. सुट्टी टाकली, एम-ऐंशी शेजारी लावली, आणि एस.टी.नं कोल्हापूर करून रत्नागिरीला. गणपतीपुळ्याच्या अलीकडं एक वाडी आहे, तिथं मासेमारी करणाऱ्यांच्या एका घराच्या पडवीत राहतायत. पिशवीत दोन धोतरं, आईनं दिलेला चटणीचा डबा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि दाराची चावी. कुलपाची नव्हे, चारीच्या दाराची, तो हातभर लोखंडी दांडा. आई म्हणाली, "आवं, त्यो कशाला? समुद्राला काय दार हाय?" म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हाताला सवं हाय."

फोनवर त्यांचा आवाज किती दिवसांनी मोठा ऐकू आला. "पोरी, हितं लय पानी हाय गं. समद्या तालुक्याला जन्मभर पुरंल. आन् येतंय हिकडंच, म्या बगतोय की. सकाळी नारळ येतोय, लाकूड येतंय, चपला तर इचारूच नगंस."

समुद्रातून चपला येतात, वहिनी. रोज. बाबा पहाटेपासून किनाऱ्यानं हिंडतात आणि येईल ती चप्पल धुऊन ओळीनं मांडतात. दादाच्या मापाची असली की मला फोन. "निळा पट्टा हुता का गं त्येच्या चपलेला?" मी दादाचे जुने फोटो बघून सांगते. बोटीवर बूट घालतात, चप्पल नाही, हे मला ठाऊक आहे. मी सांगत नाही. कशाला सांगू?

कॉलेजात मी आता सगळ्यांच्या टिंगलीचा विषय झाले आहे. 'खलाशी' म्हणतात मला. भरती-ओहोटीचा तक्ता फळ्यावर कुणी काढायचा म्हटलं की समीक्षा. रत्नागिरीची भरतीची वेळ मी मोबाइलवर रोज बघते आणि बाबांना कळवते. मॅडमनी एकदा वर्गात विचारलं, "तुला या विषयात एवढी गोडी कशी गं लागली?" मी म्हटलं, सहज. त्यांना कुणीतरी नंतर सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याकडं बघून शिकवत नाहीत. खिडकीकडं बघून शिकवतात.

तुम्ही इस्लामपुरात काय करता? शिवणक्लास परत चालू केलात का? आईनं तुमची जांभळी साडी कपाटात नीट ठेवली आहे, डांबरगोळ्या घालून. मी भांडते म्हणून राग धरता का? मी दादाशीही अशीच भांडायचे. बोटीवर जाऊ नको म्हणून पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नव्हते, आणि तुम्हीच मला हाताला धरून त्याला पोचवायला मिरजेच्या स्टेशनवर नेलंत.

एक ओळ लिहा. 'पळसाचं मी होऊ दिलं नाही' एवढी एकच.

समीक्षा


आटपाडी
२ मार्च

वहिनी,

हे पत्र मी मैत्रिणीच्या बोर्डिंगच्या गच्चीवर बसून लिहितेय, कारण घरी आईसमोर लिहवणार नाही.

गेल्या आठवड्यात मॅडमनी हिंदी महासागर घेतला. पुस्तकात तो सगळ्यात शेवटी आहे. मी विचारलं, आपला समुद्र शेवटी का? म्हणाल्या, "कारण तो बाकीच्यांसारखा वागत नाही." मग त्यांनी शिपायाकडून प्लॅस्टिकचा टब आणवला, पाणी भरलं, वर भुसा टाकला आणि टेबलफॅन लावला. भुसा पंख्याच्या वाऱ्यानं एका काठानं वर सरकला. "हा हिवाळा." मग पंखा उचलून टबाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. भुसा थबकला, गोंधळला आणि त्याच काठानं उलटा खाली निघाला. "हा पावसाळा. वारा फिरला की आपला समुद्रही फिरतो. मार्चपासूनच फिरायला लागतो."

मग त्यांनी कपड्याच्या निळीचा एक थेंब पाण्यात सोडला. पहिल्यांदा त्याची रेघ उठली, लांब, छान, पाटासारखी. मी त्या रेघेकडं बघत होते. ती फाटली, मग फिकी झाली, मग दिसेना. यशराज म्हणाला, "मॅडम, नीळ गेली कुठं?" मॅडम म्हणाल्या, "कुठंही गेली नाही. सगळ्या टबात आहे."

तास संपल्यावर मी थांबले. विचारलं, "मॅडम, माणूस असला तर?" त्या टबातलं पाणी बेसिनमध्ये ओतत होत्या. हात थांबला त्यांचा. म्हणाल्या, "समीक्षा, पाण्याचं काय वाटेल ते विचार, मी सांगेन. माणसाचं तू मला विचारू नकोस. तुला ते माहीत आहे." मी म्हटलं, रिंग सापडली नाही. त्यांनी टब भिंतीला उभा केला, माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि स्टाफरूममध्ये गेल्या.

मी घरी चालत आले. रडले नाही. मला वाटलं, निदान आता बाबांना परत आणता येईल. प्रवाह फिरला म्हटल्यावर तिथं बसून काय करणार? लगेच फोन केला. "बाबा, आता पाणी उलटं फिरतंय. वरून खाली. तिकडं काही येणार नाही. तुमी घरी या."

 मला नुसता लाटांचा आवाज येत होता. मग म्हणाले, "उलटं? मंजी मुंबैकडनं हिकडं?" "व्हय बाबा." आणि वहिनी, तो माणूस हसला! "मंग बरंच झालं की गं! डिसेंबरात आमी हितं नव्हतो, तवा त्यो म्होरं गेला आसंल. आता माघारी हितनंच जाईल. बरं झालं सांगितलंस बाई. म्या निघायच्याच बेतात हुतो. पिशवी भरली हुती बघ."

पिशवी भरली होती! मी फोन केला नसता, तर ते आज घरी असते.

काय सांगू मी आता? जे शिकते ते त्यांना सांगावं, तर त्याचीच ते आशा करतात. खारटपणा सांगितला तर म्हणाले, "मिठात काय खराब हुईना." लाट म्हणजे पाणी पुढं जात नाही, जागच्या जागी वर-खाली होतं, हे सांगितलं तर म्हणाले, "मंजी त्यो लांब गेलाच नसंल." सगळा पेपर संपत आला, आणि बाबांना तिथून उठवेल असं एक वाक्य त्यात मला सापडेना.

तुम्ही वाचताय ना? वाचताय असं तरी कळवा हो.

समीक्षा


आटपाडी
३० मार्च

वहिनी,

आज पाडवा. आमच्या दारात गुढी नाही. आईनं काठी धुऊन ठेवली आणि परत माळ्यावर टाकली.

मंगळवारी बाबा जिथं राहतात त्या घरातल्या बाईंचा फोन आला. बाबा पाण्यात गेले होते. लांब काहीतरी नारिंगी, गोल, वर-खाली होताना दिसलं आणि ते धोतरानिशी आत शिरले. आटपाडीच्या माणसाला पोहता येतं का? गुडघाभर पाणी कधीतरी बघितलेला माणूस. गळ्यापर्यंत गेले, लाटेनं पाडलं, परत उठले, परत गेले. जाळी ओढणाऱ्या पोरांनी पळत जाऊन दंडाला धरून बाहेर काढलं. तोंडातून पाणी काढलं. हातात ते नारिंगी घट्ट धरलेलं होतं. मासेमारीच्या जाळ्याचा तरंगता बोया होता तो.

त्या बाई म्हणाल्या, हे तिसऱ्यांदा झालं. आणि आता समुद्र दिवसेंदिवस चढणार. मे संपला की त्यांची माणसंसुद्धा होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा यांना कोण ओढणार? "तुमचा माणूस घेऊन जा गो," एवढंच म्हणाल्या. चांगल्या आहेत हो. कंटाळून म्हणत नव्हत्या, घाबरून म्हणत होत्या.

मी लगेच निघाले. गाडी इस्लामपूरच्या स्टँडला थांबली, तेव्हा मी उतरले होते, वहिनी. खाली उतरून तुमच्या गल्लीच्या दिशेनं बघत उभी होते. कंडक्टर ओरडला आणि मी परत चढले. तुमच्यासमोर उभी राहून काय बोलले असते, मला ठाऊक नाही.

बाबा ओळखू येत नाहीत. काळे पडलेत, डोळे लाल, ओठ फुटलेले. चपलांची ओळ बघून तर मी खालीच बसले. एकेकटी चप्पल, लहान मुलांची, बायकांची, कातड्याची, प्लॅस्टिकची, सगळ्यांची तोंडं समुद्राकडं. मी हात जोडले. आईची शपथ घातली. ओरडले, नको नको ते बोलले. ते ऐकून घेत होते आणि नजर पाण्यावर. शेवटी म्हणाले, "हे बग समीक्षा. तू भन हायेस, म्या बाप हाय. पन मानूस कुनाचा? संयोगिताचा. तिनं सांगितलं की आता न्हाई, की म्या उठतो. तिच्या तोंडनं ऐकू दे. मंग एक घटका बसायचो न्हाई."

म्हणून हे पत्र. बघा माझ्यावर काय वेळ आली. जे तुम्ही बोलू नका म्हणून मी तुमच्याशी भांडले, तुम्हाला घराबाहेर पडायला लावलं, तेच आता येऊन बोला म्हणून तुमच्या पाया पडते. या, वहिनी. एक दिवस. मी स्टँडवर येते, मी नेते, मी परत आणून सोडते. तुम्ही फक्त बाबांसमोर उभं राहा आणि म्हणा. तुमचं ते ऐकतील. तुम्ही पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं, तुमच्यात ती ताकद आहे. माझ्यात नाही. दादा गेला, हे मला कळलंय, पण हे तोंडातून काढायला गेले की माझी जीभ वळत नाही.

भाऊ गेला. बाप जाऊ देऊ नका.

समीक्षा


आटपाडी
९ एप्रिल

वहिनी,

तुमचं कार्ड आलं. पोस्टमन हाक मारत होता आणि मी अनवाणीच दारात धावले. आईनं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, खुशाली.

मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. "समीक्षाताई, मला येता येणार नाही. बांगड्या मी काढल्या, कारण घरात भरलेल्या सगळ्या बायका माझ्या हाताकडं बघत होत्या. मंगळसूत्र पर्समध्ये आहे, मोडलं नाही. ह्यांच्या नंबरला मी अजून रोज फोन लावते. ती बाई म्हणते संपर्क होऊ शकत नाही, मी तिचं ऐकत नाही, परत लावते. पळसाचं तात्यांना मी केव्हाच नको म्हणून सांगितलंय. जे मला स्वतःला सांगता आलं नाही, ते बाबांना कोणत्या तोंडानं सांगू?"

म्हणजे तुम्हीही बसलाय.

आणि मी इतके दिवस समजत होते, की आमच्या घरात शहाणं माणूस एकच, आणि ते इस्लामपूरला निघून गेलं. आता मी कुणाकडं बघू? आई ताट वाढून झाकून ठेवते. बाबा पाण्याशी. तुम्ही फोनपाशी. राहिले मी. मला अंग काढून घ्यायलासुद्धा जागा कुणी ठेवली नाही.

मला तुमचा राग येत नाहीये. खरं तर वहिनी, तुम्ही घाई केली नव्हती हे वाचून मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

परवा निघते. सागरशास्त्राचा पेपर पुढच्या आठवड्यात आहे, झाला तर झाला.

समीक्षा


कोल्हापूर, एस.टी. स्टँड
१४ एप्रिल

संयोगितावहिनी,

पाकिटावर काय लिहायचं ते मला कळेना. 'सौ.'ही लिहवेना, दुसरंही काही लिहवेना. म्हणून नुसतं 'संयोगिता' लिहिलं. आमची विट्याची गाडी लागायला अवकाश आहे. बाबा बाकावर बसलेत, शेजारी पिशवी. मी त्यांना चहा दिलाय, तो निवत चाललाय.

कसं झालं ते सांगते.

जाताना गाडीत मी मनाशी भाषण रचलं होतं. प्रवाह, वारा, क्षारता, सगळं. तिथं गेले आणि एक अक्षर आठवेना. ओहोटी होती. बाबा वाळूत बसले होते, दाराची चावी शेजारी वाळूत उभी खोचलेली. मी जवळ जाऊन बसले.  मग मी त्यांना त्यांच्या कामाचं विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही मला.

"बाबा, टेल म्हंजे काय?"

"मंजी? जिथं पाट सपतो तिथं टेल. हे काय इचारनं झालं?"

"आन् पाटाला काठ असतो?"

"दोन्ही अंगानं. त्येबिगर पानी टेलला जाईल कसं? फुटून रानोमाळ हुईल."

"मग ह्याचा दुसरा काठ दाखवा मला."

बाबांनी पाण्याकडं बघितलं. खरंच बघितलं, वहिनी, कपाळावर हात धरून, डावीकडून उजवीकडं, जसं ते चारी फुटलीय का हे बघतात. इतके महिने ते फक्त काठाशी काय आलं तेच बघत होते. मी त्यांना निळीचं सांगितलं. थेंब टाकला, आधी पाटासारखी रेघ झाली, मग काठ नव्हता म्हणून ती सगळीकडं झाली. बाबा म्हणाले, "सगळीकडं?" मी म्हटलं, "व्हय. कुठं असं नाही."

"मंजी टेल न्हाईच म्हन की ह्येला."

"न्हाई बाबा. मी तुमाला टेल दाखवला नकाशावर, पण तिथं टेल नव्हता. ह्यो पाट न्हाई." आणि मग मी ते बोलले. जीभ वळली कशी कुणास ठाऊक. "दादा मेला, बाबा. त्याच पहाटे मेला. त्यो आता कुठल्याच काठाला यायचा न्हाई."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.  ते वाळूत बोट घालून उकरत राहिले. पाणी चढायला लागलं, त्यांच्या पायाला लागलं, मागं हटलं, परत लागलं. मला वाटलं, आता हे परत काहीतरी काढतील, म्हणतील की काठ नाही तर मग कुठूनही येईल. मी त्याचीच वाट बघत होते. 

बाबा उठले. धोतर झटकलं. चावी वाळूतच होती, तिच्या मुठीला दोन्ही हात घातले आणि फिरवायला लागले. दार पाडताना फिरवतात तशी, अंग टाकून, वाळूत गरगर. दम लागेपर्यंत फिरवली. मग हात सोडले, तळवे तोंडाशी नेले आणि समुद्राकडं तोंड करून ओरडले.

"पानी बंद हाय रंऽऽऽ!"

जाळी विणणारी माणसं वळून बघायला लागली. बाबा परत ओरडले. मग थोडं चालत गेले आणि परत. चारीच्या काठानं जातात तसेच, किनाऱ्यानं पुढं-पुढं, दर थोड्या अंतरावर थांबून. मी मागून चालत होते. शेवटी शेवटी आवाज फुटला, नुसताच वारा बाहेर येत होता, तरी हात तोंडाशी नेत होते. वाडी संपली, खडक लागले, तेव्हा थांबले आणि तिथंच मटकन बसून रडले. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. मीही रडले. त्या बाई तांब्या घेऊन आल्या आणि आमच्याशेजारी बसून राहिल्या.

चपला आम्ही तिथंच ठेवल्या. चावी घेतली, ती आता पिशवीत आहे.

गावी गेल्यावर पळसाची पानं आणायची असं बाबाच म्हणाले. रानात नवी पालवी फुटली असेल. तुम्ही यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. कुणी काही म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलंच तर मी आहे. जांभळी साडी कपाटात आहे.

एवढं लिहून पत्र संपवणार होते. पण आत्ता बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "समद्यास्नी निरोप ग्येला का गं?" मी म्हटलं, आईला फोन केलाय. "ती न्हवं. इस्लामपूरला एक मानूस बसलाय टेलला. त्येला कळल्याबिगर म्या घरी जेवायचो न्हाई."

म्हणून लिहिते, वहिनी. फोन लावू नका आता. पाणी बंद आहे. उठा.

समीक्षा